वाळवलेल्या भाज्यांची बेगमी: खरेदी आणि साठवणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी मार्च उजाडला की ओळखीच्या लोकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. गवार कुठून घेऊ, डब्यात किती दिवस टिकेल, मागच्या वर्षीची मेथी पिवळी पडली ती का? एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. मी पुण्यात राहते, माहेर मराठवाड्यातलं. भाज्या घरी वाळवणं आणि बाजारातून घेणं, दोन्ही गेली बरीच वर्षं करते आहे.

आता बाराही महिने भाजी मिळते, मग वाळवलेली कशाला साठवायची?

बाराही महिने मिळते हे खरं, पण जुलै-ऑगस्टमध्ये पालेभाजीच्या जुडीचा भाव आणि तिच्यातला चिखल दोन्ही आठवून पाहा. गावाकडे नदीनाल्याला पूर आला की चार-चार दिवस बाजार भरत नाही. कोकणात पावसाळ्याआधीच्या या तयारीला आगोटीची बेगमी म्हणतात. गोव्यात हेच ‘पुरुमेत’. पावसाच्या तोंडावर मडगावला पुरुमेताच्या फेस्तात, म्हणजे जत्रेत, मिरच्या, सोलं (आमसुलं), कांद्याच्या माळा, सुकी मासळी घ्यायला गर्दी होते. पाणी आणि चिखल वाट अडवतात तेव्हा घरात चार महिन्यांचं असावं, ही गरज काही जुनी झालेली नाही. शिवाय चव आहेच. वाळलेल्या हरभऱ्याच्या भाजीला जो खमंगपणा येतो तो ताज्या भाजीला नसतो.

कोणत्या भाज्या वाळवून चांगल्या टिकतात?

हरभऱ्याचा पाला, मेथी, गवार, कारली, भेंडी, वांगी, कांदा, लसूण, गाजर, शेवग्याचा पाला, मिरच्या. यातल्या बहुतेक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाळवल्या जातात. टोमॅटोही वाळतो, पण तो हवेतला ओलावा फार पटकन ओढतो, म्हणून नवख्या माणसाने सुरुवात त्याच्यापासून करू नये. कोबी आणि फ्लॉवर साठवणीत लवकर पिवळे पडतात आणि उग्र वास धरतात. मी ते घेतच नाही.

काकडी, दुधी यांत पाण्याखेरीज फारसं काही नसतं. कोहळा मात्र किसून डाळीबरोबर सांडग्यात घातला तर उत्तम.

एक किलो वाळवलेल्या भाजीसाठी किती ताजी भाजी लागते?

हा हिशेब प्रत्येकाने समजून घ्यावा, कारण भाव बरोबर आहे की नाही हे त्यावरून कळतं. ताज्या गवारीत साधारण 80 टक्के पाणी असतं, म्हणजे निवडलेल्या पाच किलो शेंगांची एक किलो वाळली गवार होते. गाजर आणि आपला रोजचा कांदा यांना सात-आठ किलो लागतात. भेंडीला नऊ ते दहा, कारल्याला अकरा-बारा, टोमॅटोला पंधरा-सोळा किलो. हे आकडे साफ केलेल्या मालाचे. देठं, बिया, किडका भाग वेगळा. मेथीत तर निम्मी जुडी देठातच जाते.

म्हणून कोणी वाळवलेली कारली ताज्या कारल्याच्या चौपट भावात देत असेल तर थांबून विचार करा. हंगामात शेतावरून स्वस्त माल मिळालेला असू शकतो, ते चांगलंच. पण बहुतेक वेळा उत्तर दुसरंच असतं: माल पुरता वाळलेला नाही आणि आपण पाण्याचे पैसे देतो आहोत.

घेताना माल पुरता वाळलेला आहे हे कसं ओळखायचं?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न, कारण साठवणीतल्या दहातल्या आठ तक्रारींचं मूळ इथे असतं. नीट वाळलेल्या भाजीत पाच ते आठ टक्के पाणी उरतं. पालेभाजीत त्याहून थोडं कमीच. त्या कोरडेपणात बुरशी आणि जंतू वाढूच शकत नाहीत. बारा-पंधरा टक्के ओलावा राहिलेली भाजी हाताला कोरडीच लागते, पण डब्यात दीड महिन्यात कुबट होते.

पालेभाजी मुठीत घेऊन दाबा. चुरचुर आवाज येऊन चुरा झाला पाहिजे. मूठ उघडल्यावर पानं हळूहळू पुन्हा फुलत असतील तर ती ओली आहेत. गवार आणि भेंडी वाकवून पाहा. कट्‌कन तुटली पाहिजे, वाकता कामा नये. कारल्याच्या काचऱ्या एकमेकींवर पडल्या की खडखड वाजल्या पाहिजेत. जाड तुकडा मधोमध मोडून आतला भागही बघायचा, कारण भट्टीत घाईने जास्त उष्णता दिली की वरची साल कडक होते आणि आतला ओलावा कोंडून राहतो. असा माल बाहेरून अगदी टणटणीत दिसतो आणि तोच आधी बुरसतो.

घरी आणल्यावर आणखी एक परीक्षा करा. मूठभर भाजी काचेच्या कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि बरणी तासभर उन्हात ठेवा. आतल्या काचेवर वाफ धरली किंवा थेंब दिसले तर सगळा माल पुन्हा वाळवायचा.

वजनाचा काटा असेल तर 100 ग्रॅम भाजी ओव्हनमध्ये 60-65 अंशांवर दोन-तीन तास ठेवून परत तोला. चार-पाच ग्रॅमपेक्षा जास्त घट आली तर तो माल साठवणीचा नव्हे. जास्त माल घ्यायचा असेल तर आधी पावशेर आणून ही परीक्षा करावी, मगच पाच किलोची मागणी नोंदवावी.

कोणत्या महिन्यात घ्यावं?

फेब्रुवारी ते मेचा मध्य. हरभऱ्याची भाजी मात्र थंडीत खुडतात, त्यामुळे तिचा नवा माल जानेवारी-फेब्रुवारीतच बाजारात येतो आणि तेव्हाच घ्यावा. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात एप्रिलचं ऊन इतकं कडक आणि हवा इतकी कोरडी असते की गच्चीवर पसरलेली मेथी दोन दिवसांत चुरचुरीत होते. मुंबई-कोकणात ऊन असलं तरी हवेत दमटपणा असतो, तिथे तेच काम चार-पाच दिवस घेतं आणि रात्री पुन्हा ओलावा धरतो. म्हणून कोकणातल्या माणसानेसुद्धा पालेभाजी घाटावरून मागवावी असं माझं मत आहे.

जूननंतर सुटा माल अजिबात घेऊ नका. दुकानात पोतं उघडं असतं आणि दर वेळी हात घातला की पावसाळी हवा आत जाते.

सुटी घ्यावी की पाकीटबंद?

ओळखीच्या माणसाकडून, हंगामात, हाताने परीक्षा करून घ्यायची असेल तर सुटी उत्तम. आठवडी बाजारात मापाने हरभऱ्याची भाजी विकणाऱ्या बायका ती कुठल्या शेतातली, कधी खुडली हे सांगतात. बचत गटांचा माल बहुधा चांगला असतो. उन्हावर चालणारे बंद वाळवणी यंत्र वापरणारे गट असतील तर आणखी चांगलं, कारण धूळ, माशा आणि पक्षी यांचा प्रश्न मिटतो. छत्रपती संभाजीनगरच्या एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने अशी सौर वाळवणी यंत्रं शेतकरी महिलांपर्यंत नेली आणि त्या कामाला 2023 साली पर्यावरणाच्या कामासाठीचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. वाळवण हा आपल्याकडे मोठा उद्योगही आहे: जळगावात आणि गुजरातमधल्या महुव्यात पांढरा कांदा वाळवून देशविदेशांत जातो.

पाकिटावर काय बघायचं? एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक, पॅक केल्याची तारीख, मुदत आणि घटकपदार्थांची यादी. यादीत भाजीचं एकच नाव असेल तर छान. पारदर्शक पाकीट दुकानाच्या काचेत उन्हात टांगलेलं असेल तर घेऊ नका, रंग आणि जीवनसत्त्व अ दोन्ही उजेडाने उतरतात.

रंग फार हिरवागार दिसतो. ते चांगलं की वाईट?

दोन्ही असू शकतं. वाळवण्याआधी भाजी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून काढली तर तिच्यातली विकरं (एन्झाइम) निष्क्रिय होतात. गवार, भेंडी, गाजर यांचा रंग मग छान टिकतो आणि साठवणीत वासही बिघडत नाही. कांदा, लसूण, मेथी यांना हे करत नाहीत, त्यांचा स्वाद जातो.

शंका असेल तर भाजी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा. पाण्याला फिकट पिवळसर-हिरवट छटा येणं स्वाभाविक आहे. झगझगीत हिरवं पाणी सुटलं तर वरून रंग लावलेला आहे, फेकून द्या. वाळलेल्या वाटाण्यात हा प्रकार विशेष आढळतो.

काही कारखाने रंग टिकवायला गंधकाची संयुगं वापरतात. यादीत आयएनएस 220, 223 किंवा 224 हे आकडे त्यांचेच. किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर पाकिटावर तसं छापणं बंधनकारक आहे. घरात दम्याचं माणूस असेल तर हा माल आणूच नका. सल्फाइटने काहींना धाप लागते.

‘डिहायड्रेटेड’ आणि ‘फ्रीझ ड्राइड’ यात फरक काय?

पहिली गरम हवेने वाळवलेली, म्हणजे आपल्या वाळवणाचीच कारखान्यातली बहीण. दुसरीत भाजी आधी गोठवतात आणि निर्वात पेटीत तिच्यातल्या बर्फाची थेट वाफ करून काढतात. आकार तसाच राहतो, पाणी जेमतेम एक ते तीन टक्के उरतं, पाच-दहा मिनिटांत भिजते. पण महाग, ठिसूळ, आणि पाकीट फोडल्यावर काही तासांत सादळते. ट्रेकला जाणाऱ्यांना किंवा परदेशात एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला उपयोगी. घरच्या चार महिन्यांच्या बेगमीला तेवढे पैसे घालायची गरज नाही.

चार माणसांच्या घराला पावसाळ्यासाठी किती घ्यावी?

जून ते सप्टेंबर साधारण 17 आठवडे. आठवड्यातून दोनदा वाळलेली भाजी केली तर 34 वेळा. चौघांना एका वेळी 60 ते 80 ग्रॅम पुरते. म्हणजे अडीच किलोच्या आसपास. पहिल्या वर्षी यापेक्षा जास्त घेऊ नका. एकाच भाजीची अडीच किलो नको. माझ्याकडे साधारण 700 ग्रॅम गवार, तेवढीच हरभऱ्याची भाजी, अर्धा किलो मेथी आणि बाकी कारली-भेंडी असा वाटा असतो.

घरी आणल्यावर थेट डब्यात भरू का?

नको. आधी स्वच्छ सुती कापडावर पसरून एक कडक ऊन द्या आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम भाजी डब्यात भरली की तिचीच वाफ झाकणाला धरते, आणि त्या चार थेंबांनी वरचा थर जातो. मी स्वतः एकदा घाईत संध्याकाळी भरलेली तीन किलो गवार अशीच घालवली आहे.

मग मोठ्या बरणीत दोन-तृतीयांश भरून आठवडाभर ठेवा, रोज एकदा हलवा. जाड-बारीक तुकड्यांतला ओलावा सारखा होतो. या आठवड्यात कुठे वाफ दिसली तर पुन्हा उन्हात.

त्यानंतर किडीचा बंदोबस्त. उघड्यावर वाळवलेल्या भाजीत किडीची अंडी असतातच असं धरून चालावं. भाजी घट्ट पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांना 48 तास ठेवली की अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरातल्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड भाजीवर दव धरेल. फ्रीझर नसेल तर ओव्हनमध्ये 70 अंशांच्या थोडं वर अर्धा तास चालतं. डब्यात कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर तोही कडकडीत वाळलेला हवा. ओला पाला घालून भाजी बुरसवणारे मी पाहिले आहेत.

डबा कोणता चांगला?

काचेची घट्ट बरणी किंवा स्टीलचा रबरी कडीचा डबा. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून ओलावा हळूहळू आत जातोच, शिवाय किडे ती कुरतडतात. वर्षापेक्षा जास्त ठेवायचं असेल तर आतून ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशव्या मिळतात, त्या इस्त्रीनेही चिकटवता येतात.

पण डब्यापेक्षा महत्त्वाचं सांगू का? लहान पुड्या करा. एका वेळच्या भाजीइतकी, 60-80 ग्रॅमची एकेक पुडी, आणि मग सगळ्या पुड्या मोठ्या डब्यात. मुंबईत पावसाळ्यात हवेची आर्द्रता 80-90 टक्क्यांवर जाते. दोन किलोचा डबा आठवड्यातून दोनदा उघडलात तर चार महिन्यांत 34 वेळा ती हवा आत घेतलीत. पुड्या असतील तर प्रत्येक पुडी एकदाच उघडते. आमच्याकडे ही एक सवय लागल्यापासून सप्टेंबरातली मेथी एप्रिलसारखी चुरचुरते.

सिलिका जेल आणि ऑक्सिजन शोषक, दोन्ही टाकू का?

एकाच पिशवीत दोन्ही नको. ऑक्सिजन शोषकात लोखंडाची भुकटी असते, ती गंजताना हवेतला ऑक्सिजन खाते, आणि गंजायला तिला थोडा ओलावा लागतो. शेजारी सिलिका जेल ठेवलं तर ते तो ओलावा काढून घेतं.

रोज-आठवड्याला उघडणाऱ्या डब्यात सिलिका जेल. वर्षभर न उघडणाऱ्या पिशवीत ऑक्सिजन शोषक. जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओलं झालं की हिरवं होतं आणि मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते खाण्याच्या वस्तूजवळ नको. आणि ऑक्सिजन शोषक फक्त कडकडीत वाळलेल्या भाजीतच. दहा टक्क्यांहून जास्त ओलावा असलेल्या भाजीत ऑक्सिजन काढून घेतला तर बोट्युलिझमचं (जीवघेण्या अन्नविषबाधेचं) विष तयार करणाऱ्या जंतूंना आयती जागा मिळते. वर सांगितलेली बरणीची परीक्षा यासाठी तरी चुकवू नका.

किती दिवस टिकते?

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातलं घरगुती अन्न टिकवण्याचं राष्ट्रीय केंद्र घरी वाळवलेल्या भाज्यांना 15-16 अंशांत सहा महिने आणि 27 अंशांच्या आसपास त्याच्या निम्मे असा सावध हिशेब देतं. आपली घरं वर्षातले बरेच महिने 27 अंशांपेक्षा गार नसतात, तेव्हा हा हिशेब गंभीरपणे घ्यावा. तो चव, रंग आणि पोषण उत्तम राहण्याचा आहे. कोरडी राहिलेली भाजी त्यानंतर एका दिवसात विषारी होत नाही. माझ्या अनुभवात पुण्यात गवार आणि कारली वर्षभर बरी राहतात, मेथीचा वास आठ महिन्यांत उतरतो.

वीस वर्षं टिकणाऱ्या भाज्यांच्या जाहिराती खोट्या नाहीत, पण त्यांच्या अटी वाचा. अमेरिकेच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या अभ्यासात वाळवलेलं गाजर वीस वर्षांपर्यंत खाण्याजोगं राहिल्याचं दिसलं, ते हवाबंद डब्यात, ऑक्सिजन काढून, थंड जागी. नागपूरच्या माळ्यावर तसं होणार नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की टिकाऊपणा साधारण निम्मा होतो.

मग घरात ठेवायचं कुठे?

माळ्यावर नाही, कारण स्लॅबखाली उन्हाळ्यात भट्टी असते. गॅसच्या वरच्या फळीवर नाही, फ्रीजच्या डोक्यावर नाही, ओल येणाऱ्या भिंतीला टेकून नाही. दिवाणाचा कप्पा किंवा उत्तरेकडच्या खोलीतलं खालचं फडताळ चांगलं. डबा थेट फरशीवर ठेवू नका, खाली पाट घ्या. प्रत्येक पुडीवर भाजीचं नाव आणि महिना लिहा, जुनं पुढे, नवं मागे.

मीठ-ताक लावून वाळवलेली मिरची किंवा गवार साध्या वाळवलेल्या भाज्यांबरोबर ठेवली तर चालेल का?

नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे सांडगी मिरची आणि ताकातली गवार पावसाळ्यात नरम पडतेच. ती वेगळ्या बरणीत ठेवा आणि पावसाआधी पुन्हा ऊन दाखवा. तळल्यावर ती कुरकुरीत होते. साध्या भाजीला तो उपाय नाही.

वाळवल्याने सत्त्व जातं का?

काही जातं. जीवनसत्त्व क बरंचसं जातं, आणि थेट उन्हात पालेभाजीतलं अ जीवनसत्त्वही कमी होतं. म्हणून पालेभाजी सावलीत, वाऱ्यावर वाळवलेली जास्त चांगली. तंतुमय भाग, लोह, कॅल्शियम राहतात. वर लिंबू पिळलं तर क जीवनसत्त्व मिळतं आणि लोह शोषायलाही मदत होते.

शिजवताना चामट का राहते?

बहुतेक वेळा मीठ, चिंच किंवा आमसूल आधी घातल्यामुळे. आंबटाने आणि मिठाने भाजी फुलत नाही. गवार, कारली, वांगी यांना दुप्पट कोमट पाण्यात तास-दीड तास भिजवा, त्याच पाण्यात मऊ शिजवा, मग फोडणी, कूट, मीठ आणि शेवटी आंबट. भिजवलेली भाजी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायची असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. भिजली की ती ताज्या भाजीसारखीच नासते. हरभऱ्याची भाजी भिजवायला लागत नाही. कण्या किंवा तुरीची डाळ निम्मी शिजली की ती चुरून घालावी आणि वरून लसणाची लालबुंद फोडणी.

परदेशातल्या मुलाला पाठवता येईल का?

विमानतळावर घोषणापत्रात लिहावंच लागतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे नियम सर्वांत कडक आहेत, न सांगता नेल्यास जबर दंड होतो. कारखान्यात बंद केलेलं, नाव छापलेलं पाकीट घरच्या पुडीपेक्षा सहज सुटतं. बिया असलेली भेंडी आणि कारली टाळा.

डब्यात बुरशी किंवा किडे दिसले तर?

दोन्हींचं उत्तर वेगळं आहे. जाळी, अळ्या किंवा बारीक तपकिरी किडे दिसले आणि भाजी कोरडी असेल, वास चांगला असेल, तर त्या पुडीपुरतं फेका, बाकीच्या पुड्या फ्रीझरमध्ये 48 तास ठेवा आणि डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. बुरशी दिसली तर मात्र ती पुडी पूर्ण टाकून द्या. वरचा भाग काढून, धुऊन, पुन्हा वाळवून वापरू नका. काही बुरश्यांचं विष शिजवल्यानेही जात नाही. शेजारच्या पुड्या एकेक वाकवून, वास घेऊन तपासा. नुसत्याच नरम पडल्या असतील आणि कुबट वास नसेल तर त्या दिवशीच तव्यावर मंद परतून वाळवा आणि त्या आठवड्यात संपवा.